नावापुरती

वरच्या डोल्पात एकट्याला सोडत नाहीत.
किमान दोन पासपोर्ट, दोन फोटो, दोन सह्या.
इग्नासी तर एकटाच आलेला,
चाळीस दिवसांचं ओझं एका पाठीवर घेऊन.

डंगोल साहुजींनी नेहमीचा खण उघडला.
आत जुन्या पासपोर्टांच्या झेरॉक्स,
येणार होते आणि आले नाहीत त्यांच्या.
सगळ्यात वर मार्गिट होल्झर, लिंझ, वय एकसष्ट.
गुडघ्याने ऐनवेळी दगा दिला होता तिला.
"हिला ने," साहुजी म्हणाले,
"खात नाही, दमत नाही, कुरकुरत नाही."

इमिग्रेशनच्या खिडकीत खनाल सरांनी
फोटो पाहिला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला.
त्यांना ठाऊक होतं.
त्यांना ठाऊक आहे हे मला ठाऊक होतं.
शिक्का मात्र दोघांवर सारखाच पडला,
ओला, जांभळा, जरा तिरका.

दुनैच्या चौकीत विचारलं, दुसरी कुठाय?
म्हटलं, मागून येतेय.
फोक्सुंदोला म्हटलं, पोट बिघडलंय, सावकाश येतेय.
बातमीला फुटतात तसे त्या नावाला पाय फुटले,
आणि पायांना चाल आली, जपून टाकलेली,
उतारावर डावा गुडघा हाताने धरणारी.
कांग लाच्या चढावर बर्फ मांडीपर्यंत.
इग्नासी पुढे, मी मागे,
आणि मी वळून पाहिलं.
का पाहिलं ते विचारू नका.

शेच्या चौकीत यादव हवालदार, मधेशातला,
तीन स्वेटर, दोन टोप्या, शेगडीला चिकटून बसलेला.
वहीत दोन्ही नावं उतरवली, एक शब्द न विचारता.
मग चार कप चहा ओतला:
एक इग्नासीला, एक मला, एक स्वतःला.
चौथा तसाच निवू दिला.
"इथे येतंय कोण," म्हणाला,
"लिहिले तेवढे आले असं धरतो मी.
वही भरलेली बरी दिसते."

सालदांग माझं गाव.
आईने परमिट उलटंसुलटं करून पाहिलं,
शिक्क्यावरून अंगठा फिरवला.
"आपल्या दारात यायला ह्याला कागद लागतो?"
लागतो, म्हटलं.
"तुला लागतो?"
मला कसा लागेल, आई.
"मग तू का येत नाहीस?"
चुलीत याकच्या शेणाची गोवरी सरकवत
तिने उत्तराची वाटही पाहिली नाही.

पुढच्या तीन मोसमांत मार्गिट
आणखी चारदा जाऊन आली.
एकदा एका जपानी मास्तरांबरोबर,
एकदा दोन महिने न बोलणाऱ्या एका पोराबरोबर.
तिच्या झेरॉक्सचा कोपरा दुमडला,
चेहऱ्यावर चहाचा डाग पडला,
फोटोत ती आता जरा उन्हात रापल्यासारखी दिसायची.

आणि चैत्रातल्या एका सकाळी
जिन्यावर काठीचा आवाज.
दारात ती. झेरॉक्सपेक्षा ठेंगणी.
गुडघा नवा बसवलाय म्हणाली, परमिट हवंय.
साहुजींनी खण पायाने हळूच लोटून बंद केला.
पण कालच ती इमिग्रेशनला जाऊन आली होती.
"संगणक म्हणतो, मी पाचदा गेले," ती म्हणाली,
आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. "सांगा."

मी सांगितलं. काय करणार?
हिरवं तळं सांगितलं, यादवचा चौथा कप सांगितला,
आईने आमच्यापुढे ठेवलेली त्साम्पा सांगितली.
ती मधूनमधून मान हलवत होती,
विसरलेलं कुणी आठवून द्यावं तशी.
"आणि मी चालते कशी?"
जपून, मी म्हणालो. उतारावर डावा गुडघा धरून.

"उजवा," ती म्हणाली. "दुखायचा तो उजवा."

मग अर्ज पुढे ओढून, चष्मा लावून,
पहिल्या रकान्यात तिने स्वतःचं नाव लिहिलं,
एकेक अक्षर सुटं.
दुसऱ्या रकान्यापाशी पेन थांबलं.
"इथे," तिने विचारलं, "आता कोणाला न्यायचं?"