होर्मुझला माती खाल्ली

बंदर अब्बासला जहाजाचा पंप बसला.
सुटा भाग येईस्तोवर तीन दिवस मोकळे,
म्हणून बेटावर निघालो,
तर वर्षातून चार-पाचदा पडणारा पाऊस
नेमका माझ्यासोबत धक्क्यावर उतरला.

छत्री कुणाकडेच नव्हती.
दुरमहंमदनं रिक्षा मध्येच थांबवली,
इंजिन बंद केलं, बोट दाखवलं.
डोंगरातून लाल ओघळ सुटले होते,
घाई नसल्यासारखे,
आणि समुद्र काठाकाठानं गढुळत
गेरूच्या पाण्यासारखा झाला.
आमच्या कातळावरचं पाणी असंच उतरतं, मी म्हणालो.
मराठीतच. त्यानं मान हलवली.

त्याची आई जुलेखा,
चेहऱ्यावर भरतकामाचा लाल मुखवटा,
आत दोन मिश्कील डोळे,
तव्यावर पातळ तोमशी पसरत होती.
वर बरणीतलं कालवण:
मुरवलेली तारली, कडू संत्र्याची साल,
आणि बाहेर वाहत होती तीच माती,
चाळलेली.
खा, तिनं खुणावलं.

आधी लोखंड. मग मीठ.
मासा बऱ्याच उशिरा.

बोटीवर जातो म्हटलं होतं तेव्हा
अण्णा पेजेच्या वाडग्यातून मान वर न काढता म्हणाले होते,
माती खाल्लीस.
सात वर्षं झाली.
फोनवर आम्ही हवामानच बोलतो.

पत्र्यावर पाऊस तडतडत होता.
दुसरी तोमशी हातात घेऊन फोन लावला.
काय जेवलास? नेहमीचा प्रश्न.
माती, म्हटलं.
खरंच, अण्णा. लाल. माशाबरोबर.

ते थांबले.
पलीकडे कुणीतरी विहिरीवर रहाट ओढत होतं.
मग म्हणाले,
मीठ बेताचं होतं ना?