रीडिंग

"लोखंड काही राहिलं नाही ना, काका?"
भाविननं दोनदा विचारलं.
छत्तीस वर्षं वीज मंडळात काढली,
थोडं अंगात राहिलंच असेल, म्हणालो.
तो हसला नाही.

मग बोगदा. कानापाशी
कुणी पत्रा ठोकतंय, थांबतंय, नवा पत्रा घेतंय.
मध्येच आवाज:
श्वास लो… रोकी राखो… छोडी दो.
गुजरातीत रोखलेला श्वास
मी बहुधा मराठीत सोडत होतो.

अर्ध्यावर शिरेतून काहीतरी गार सोडलं.
आता दहा मिनिटं थांबायचं, म्हणे.
जिवंत मांसातून ते निघून जातं,
मेलेल्यात रेंगाळतं.

वैद्य मॅडमनी पडदा माझ्याकडे वळवला.
काळं कडं, आणि खालच्या अंगाला
नखाच्या कोरीएवढं पांढरं.
"हा अटॅक कधी आला होता?"
नाही आला, मॅडम.
"आला होता. जुना आहे. चार-पाच वर्षं तरी."

लोकांच्या जिन्याखाली वाकून
टॉर्चच्या उजेडात मी आकडे उतरवले.
घर बंद असलं तर सरासरी लिहायची.
माझ्या छातीत कोण येऊन गेलं
आणि मी घरी नव्हतो?

अलकापुरीच्या गरनाळ्यात रिक्षा अडकली
तेव्हा शोधायला लागलो.
फतेगंजची ती बिल्डिंग? लिफ्ट बंद,
तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसलो होतो,
एका पारशी बाईंनी इनो दिलं होतं,
पेला परत न्यायला त्या थांबूनच राहिल्या.
की मांजलपूरला, भर मे महिन्यात, कुत्रा मागं लागला तेव्हा?
की तुषारचा फोन आला, यंदाही जमणार नाही म्हणाला,
त्या रात्री?
दुखलं होतं खरं.
पण ते मी दुसऱ्या खात्यात टाकलं होतं.

घरी शैला शेवग्याच्या शेंगा सोलत होती.
सांगितलं.
हात थांबले. म्हणाली,
"अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी.
बूट न काढता झोपलात.
अर्धी भाकरी तशीच. कपाळ गार होतं."
मग बोलली का नाहीस?
"विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, पित्त."

पुन्हा ती शेंगांकडे वळली.
एकच शेंग
मोडलेली,
परत मोडली,
अजून एकदा मोडली.