आक्षेपाचे दोन रुपये

तारीख असली की शेडवर खाडा.
बेदाणा निवडायचे जे काय सुटतात ते बुडतात,
तासगाव-सांगली यष्टीला तेवढं हाफ तिकीट,
एवढं तरी केलं सरकारनं आम्हा बायकांचं.

विजयनगरच्या कोर्टात बाकडं ठरलंय माझं.
समोर आरोपी नंबर एक ते सहा,
इस्त्रीच्या शर्टात, जामिनावर.
शिपाई त्यांना रामराम घालतो,
मला म्हणतो, मावशी, पाय आत घ्या.

भगवान कुणाच्या अध्यात नव्हता, मध्यात नव्हता.
त्या साली एजंट म्हणून बसला, वॉर्ड तीन,
मराठी शाळेतली चौथीची खोली.
चारच्या सुमाराला कोणी आलं केराप्पाचं मत द्यायला.
केराप्पाला आम्ही श्रावणातच पोचवून आलेलो.
भगवान उठला, टेबलावर दोन रुपये ठेवले,
म्हणाला, आक्षेप.

दोन दिवसांनी गुलाल.
मिरवणूक आमच्या बोळात वळली,
तिकडं ना देऊळ ना पंचायत,
वळायचं काही कारणच नव्हतं.
हलगी माझ्या चुलतदिराची, संदिपानची.
भगवान पडला तरी ती वाजतच होती.
त्याला कुणी थांब म्हणालं नाही म्हणे.

डॉक्टरनं लिहिलंय, कठीण व बोथट हत्यार.
मुद्देमालात शर्ट, लाखेचं सील मारलेला.
सरकारी वकील म्हणाले, ओळखता?
मी बटणं मोजली. तिसरं मी लावलेलं,
निळ्या शर्टाला काळं, दुसरं नव्हतं घरात.
ओळखते, म्हटलं.
त्यांचा वकील उठला, फार अदबीनं,
ताई, हे रक्त का गुलाल, सांगता येईल तुम्हाला?
पुण्याचा रिपोर्ट अजून यायचा होता.

साक्षीदार अकरा.
मी बारा वर्षं बेदाणा निवडते,
काडी कुठली, माल कुठला, बोटाला कळतं, बघावं लागत नाही.
इथं नाही कळलं.
संदिपान पिंजऱ्यात उभा राहिला. शपथ घेतली.
माझं ध्यान हातावर होतं साहेब,
वाजवताना मी कुणाकडं बघत नसतो.
त्याची बोटं कठड्यावर हलत होती तेव्हा,
ते कुणी लिहून घेतलं नाही.
लिहिलं एवढंच, फितूर.
परतीच्या यष्टीत तो दोन सीट मागं.
उतरताना माझी पिशवी धरली त्यानं.
मी हिसकून घेतली नाही.
जड होती.

एक साहेब बदलून गेले, दुसरे बढतीवर.
तिसऱ्यांना सगळं पहिल्यापासून वाचायचंय.

आणि परत निवडणूक आली.
घरी चिठ्ठी, भगवान शिवाप्पा ऐवळे, वय बेचाळीस.
मेला तेव्हा सदतीसचा होता.
यादीत वय वाढत होतं त्याचं, आम्हाला न सांगता.
चिठ्ठी फडताळात ठेवली, रेशनकार्डाखाली,
आणि एजंटाचा फॉर्म भरून आले.
पोरगी रात्रभर बोलली नाही.
सकाळी डबा मात्र तिनंच भरून दिला.

तीच खोली.
फळ्यावर सतराचा पाढा, अर्धा पुसलेला.
चार वाजून गेले, मला वाटलं नाही येत कुणी.
मग एक पोरगं आलं, मिसरूड फुटायला लागलेलं,
हातात चिठ्ठी, माझ्या फडताळातल्यासारखीच दुसरी.
मास्तरांनी मोठ्यानं नाव वाचलं.
कोर्टात त्याला मयत म्हणतात.
सबंध नाव किती दिवसांनी पडलं कानावर.

मी उठले.
पदराची गाठ सोडायला वेळ लागला,
सगळे बघत होते.
रुपया, आणि अजून एक रुपया.
केंद्रप्रमुख म्हणाले, बसा बाई. हा मयत आहे,
याला पुरावा काय तुमच्याकडं?

म्हटलं, आहे.
सांगलीला आहे, सील करून.
पुढची तारीख अठरा.