पत्ता अपूर्ण

गंडमाळ असेल, म्हणाले आधी सगळे.
मानेच्या उजवीकडे, कॉलरच्या आत,
शर्टाच्या बटणाएवढी गाठ.
दाढी करताना बाबा तिला वळसा घालून वस्तरा न्यायचे,
रस्ता झाडाला सोडून जातो तसा.

आठ दिवसांनी मेडिकलमधून रिपोर्ट आला.
डॉ. गंधेवारांनी तो दोनदा वाचला,
मग चष्मा काढून तिसऱ्यांदा.
"मेंदूतलाच आहे हा," म्हणाले.
"मेंदूतला सहसा बाहेर पडत नाही.
त्याच्याआधी माणूसच..."
आणि वाक्य तिथेच ठेवून दिलं,
पेपरवेटखाली.

गेल्या पोळ्याला कवटी उघडली होती.
तेव्हा निसटलं असेल?
"असेलही. नक्की नाही सांगता येत."

बाबांना मी रिक्षात सांगितलं, अजनीच्या पुलावर.
त्यांनी गाठीवर बोट ठेवलं.
"म्हंजे आता माही मानबी इचार करते का वं?"
रिक्षावाला हसला. मग मीही.
मग पूल संपला.

शालिक बावनकर, सॉर्टर, आरएमएस,
एकतीस वर्षं रात्रपाळी.
हलत्या डब्यात, पिवळ्या दिव्याखाली
वर्ध्याचं वर्ध्याच्या खणात,
गोंदियाचं गोंदियाच्या.
नुसता पिन वाचायचे. गाव नंतर, जमलं तर.

वॉर्डात आता पोरं येतात, पांढऱ्या कोटातली, वह्या घेऊन.
दुर्मीळ आहे म्हणे.
हळूच दाबून बघतात,
सॉरी म्हणतात, बहुतेक गाठीलाच.
बाबा प्रत्येकाला गाव विचारतात.
काटोल. "४४१३०२."
उमरेड. "४४१२०३."
एक मुलगी लाजत म्हणाली, रामटेक.
"४४११०६. तुमच्याकडची थैली लई उशिरा सुटे."
माझं नाव मात्र
मंगळवारपासून सापडत नाहीये त्यांना.

रात्री कूलरच्या घरघरीत मी विचारलं,
बाबा, चुकीच्या खणात गेलेल्या पत्राचं
काय करायचात हो तुम्ही?
बराच वेळ छताकडे बघत राहिले.
"घेनाऱ्याचं नाव पाहाचं.
नाव तेच हाय ना?
मंग पोचलं."

मग माझा पंजा उलटा करून
त्यावर बोटानं आकडे लिहू लागले,
चार, चार, शून्य,
शून्य, दोन,
आणि सहाव्याच्या आधी झोप लागली त्यांना.

हात मी तसाच
उघडा ठेवलाय.