एक्केचाळीस ताटं

बिराजदार गुरुजी म्हणाले, मुली एकोणीस आहेत,
सोबत बाईमाणूस पाहिजे, तसा वरून कागद आलाय,
आणि पट्टणशेट्टी बाई बाळंतपणाच्या रजेवर.
म्हणून शाळेत खिचडी शिजवणारी मी
सहलीच्या यादीत आले,
सगळ्यांत खाली, वेगळ्या शाईत.

पहाटे पाचला उमदीतनं यष्टी हलली.
नागज फाट्यापर्यंत सहाजण ओकले.
गुरुजी पुढच्या सीटवर, मांडीवर हजेरी.
मी मागं, मांडीवर अमोघसिद्धाचं डोकं,
हातात लिंबू.

गुरुजी पोरांना आडनावानं ओळखतात.
मी ओळखते ताटावरनं:
कोण वाटाणे वेचून कडेला सारतो,
कोण दुसऱ्यांदा मागताना भलतीकडं बघतो,
कोण अर्धी खिचडी डब्यात लोटून
दप्तरात घालते, घरच्या धाकट्यासाठी,
आणि नेमकं तेव्हाच मी
भात ढवळायला पाठमोरी होते.

मिरजेत सतारीचा कारखाना.
लाकडाचा भुस्सा, लाखेचा वास.
हमजाचाचांनी सुकलेला एक भोपळा उचलला,
केवढा! मी मनातच फोडी करायला लागले.
"दोन दिवसांची भाजी झाली असती," तोंडातनं गेलं.
पोरं हसली. चाचाही हसले.
"कडू असतो, ताई. कडू म्हणून तर टिकतो.
गोड असता तर किड्यांनी ठेवला असता?"
मग त्यांनी बोटाच्या पेरानं ठोकलं, कान लावला,
मान हलवली, जरा खाली ठोकलं.

हे मला येतं.
मी पातेल्याला अशीच टिचकी मारते,
तळात किती जणांचं उरलंय ते आवाज सांगतो.
पण तिथं कुणी विचारलं नाही,
पोरं वहीत लिहीत होती:
तारा किती, खुंट्या किती, किंमत किती.

हरिपुरात संगम. वारणा येऊन कृष्णेत शिरते.
बसू काठावरनं ओरडला, "एष्टु नीरू!"
गुरुजी म्हणाले, मराठीत बोल.
"लई पाणी," तो म्हणाला,
पण आवाज तेवढा राहिला नाही.

चिंचेखाली चपाती, शेंगाची चटणी.
गुरुजींच्या हजेरीत एक्केचाळीस 'हजर'.
माझ्या टोपलीत एक चपाती उरली.
"गुरुजी, एक कमी हाय."
"अहो मावशी, आत्ताच तर नावं घेतली!"
रेश्मा मान खाली घालून चपाती दुमडत होती,
पुन्हा उलगडत होती.

महादेवी यष्टीत होती. शेवटची सीट,
दप्तर मांडीवर घट्ट, उठेना.
पोटात दुखतंय? मान हलली.
पयल्यांदाच?
ती खिडकीतनं नदीकडं बघत राहिली.

सांगलीच्या बाजारात बांगड्या घ्यायला
शंभराची एक नोट कनवटीला होती.
हरिपुरातल्या दुकानदारानं पुडकं
वर्तमानपत्रात बांधून दिलं,
जसं काही मी बंदूक घेतली होती.
रिकाम्या यष्टीत मी दाराशी उभी राहिले,
ड्रायव्हरला म्हटलं, तिकडं चहा पी जा.
माझी शाल तिच्या कमरेला, दोन वेढे.

सगळे वर येत होते, तेव्हा आम्ही दोघी उतरलो.
घाटाशी ती थबकली. "देऊळ हाय, मावशी."
मी म्हटलं, नदी देवळाच्या बाहेर हाय.
तिनं आधी अंगठा बुडवला,
मग दोन्ही पाय,
मग विचारलं, "ह्यातलं वारणेचं कुठलं?"
मला काय माहीत.
दोघी वाकून बघत बसलो,
गुरुजी वरनं शिट्टी मारेपर्यंत.

रात्री जतच्या पुढं पुन्हा हजेरी.
झोपलेली पोरं ओ देईनात,
गुरुजी अंधारात नावं घेत राहिले.

दुसऱ्या दिवशी महादेवी आली नाही.
फळ्यावर निबंध: आमची सहल.
जेवणं उरकल्यावर पातेल्याला टिचकी मारली.
एकीचं होतं.
करपलेलं बाजूला करून वरचं डब्यात भरलं,
रेश्माला हाक मारली.