पुरुष वारस

घोरपडीत, रेल्वे फाटकापलीकडे,
ऑब्रीला लंडनच्या वकिलाचं पाकीट आलं.
लांबचा कुणी चुलता निपुत्रिक गेला,
आता बॅरन म्हणे हाच.
जमीन नाही, बंगला नाही,
नुसतं नावापुढे एक नाव.

पत्र वाचलं म्युरिएलनं,
त्याचा चष्मा दुरुस्तीला होता.
ती त्याच्याहून चार वर्षांनी मोठी.
‘केवळ पुरुष वंशजाकडे’ या ओळीशी
जरा थांबली,
मग वाचत गेली सहीपर्यंत.

‘आमच्या सातबाऱ्यावर तरी
आता मुलीचं नाव लागतं,’
मी म्हणालो.
कुणी हसलं नाही.

पाच वाजता पाणी आलं.
लॉर्डसाहेब बादली घेऊन उठले,
कंबर धरून.
तिनं पत्र
लाइटबिलांच्या तारेत खोचलं.
तारेतली बाकीची बिलं
सगळी तिच्या नावची.