शेपूट बाकी

कायापास नदीकाठी होडी बांधून
नेल्वा आयोवी पुढे, मी मागे.
तिच्या उजव्या डोळ्यात आता नारळाचं दूध उतरलंय,
म्हणून या वर्षी पक्षी ती ऐकते
आणि बघायचं काम माझं.

"रंगाच्या नादी लागू नकोस," ती म्हणते.
"रंग म्हणजे ऊन. ढग आला की हिरव्याचा काळा होतो.
फूल शोध. फूल वाकडं असेल
तर चोचही वाकडी असणार,
नाहीतर दोघंही उपाशी."

फूल वाकडंच आहे.
हेलिकोनिया, केळीच्या भावकीतली,
लाल होड्या एकीखाली एक टांगलेल्या,
प्रत्येकीत पावसाचं पाणी
आणि बुडालेल्या मुंग्या.

आम्ही बसतो.
डास चावतात. मी मारत नाही, चोळतो.
नेल्वा तळलेल्या केळ्याचा तुकडा
आवाज न करता चघळते.
तो ठरलेल्या वाटेनं येतो म्हणे,
एकेका फुलाशी थोडं थोडं थांबत,
उधारी वसूल करणाऱ्यासारखा,
आणि त्याची वेळ चुकत नाही.
सव्वा तास त्याची वेळ चुकते.

मग, त्सिट्.
नेल्वाचं बोट माझ्या मनगटावर.

हमिंगबर्ड म्हटलं की वाटतं, हवेत तरंगेल.
हा तरंगत नाही. फुलाचा काठ धरून
चक्क बसतो, नळ दुरुस्त करायला आल्यासारखा,
आणि विळ्यासारखी वाकलेली चोच
आत घालतो, पार मुठीपर्यंत.
छातीवर रेघा. डोक्यावर परागाचा पिवळा डाग.
एक, दोन,
आणि फूल नुसतंच हलत राहतं.

"शेपूट?"
मी गप्प.
"टोकं पांढरी होती का?
डोंगरापलीकडच्या त्याच्या भावाचं शेपूट पिवळट असतं.
तो इथे येत नाही, ठाऊक आहे मला.
पण मी विचारतेय, तू काय पाहिलंस."

पांढरी म्हणालो असतो तर खपलं असतं.
जिभेवर आलंही होतं.
एवढ्या जंगलात तपासणार कोण,
तिचा तो डोळा?

"चोच पाहिली," मी म्हणालो. "शेपूट नाही."

तिनं वही माझ्या मांडीवर ठेवली.
"मग तसंच लिही.
पक्षी एक. शेपूट बाकी."

होडीचा दोर सोडताना ती पुन्हा थांबली,
कान झाडीकडे.
"उद्या," म्हणाली,
"फुलाच्या मागच्या बाजूनं बसू."